टेस्ट फेल झाली, पण कुणामुळे?

टेस्ट फेल झाली हे कळायला सर्व्हर लागत नाही. पायटेस्ट टर्मिनलवर लाल अक्षरांत ते सांगून मोकळं होतं, जेनकिन्स बिल्डपुढे लाल खूण लावतं, आणि तेवढ्यानं ज्यांचं भागतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. अडचण त्यानंतरच्या प्रश्नांची असते. हीच टेस्ट कालही फेल झाली होती का? गेल्या आठवड्यात कुणीतरी बग नोंदवला होता, तो हाच का? आज लाल दिसणाऱ्या चाळीस टेस्टांमागे चाळीस कारणं आहेत, की एकच बंद पडलेला डेटाबेस? रात्री चाललेल्या टेस्टांचा निकाल जी टीम सकाळी ईमेलला जोडलेल्या एचटीएमएल फाइलमधून वाचते, तिला या प्रश्नांची उत्तरं कुणाच्या तरी आठवणीतूनच काढावी लागतात. तो माणूस रजेवर गेला की तपास पुन्हा पहिल्यापासून.

निकालांची नोंद ठेवणारा वेगळा सर्व्हर लागतो तो यासाठी. या कामाची जी मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत, त्यांत रिपोर्टपोर्टल बरंच वापरलं जातं. इपॅम सिस्टिम्स या कंपनीनं आधी स्वतःच्या प्रकल्पांसाठी ते बांधलं आणि 2016 साली मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं. परवाना अपाची 2.0 चा, म्हणजे कंपनीतल्या कामासाठी वापरायला मोकळीक. या लेखात पायटेस्ट आणि रिपोर्टपोर्टल ही जोडी घेतली आहे. टेस्टएनजी किंवा रोबोट फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, फाइलींची नावं तेवढी बदलतात.

आधी एक सल्ला, जो असे सर्व्हर बसवून देणारे सहसा देत नाहीत: दोन-तीन जणांची टीम असेल, टेस्ट शे-दीडशे असतील आणि त्या सगळ्या एकाच बिल्डमध्ये चालत असतील, तर सर्व्हरच्या फंदात पडू नये. जेयूनिट एक्सएमएल ही निकालाची जुनी, सर्वमान्य फाइल पायटेस्ट एका पर्यायानिशी तयार करून देतं आणि जेनकिन्स किंवा गिटलॅब ती वाचून दाखवतात. थोडं देखणं काही हवं असेल तर अल्युअर आहे. त्याचा रिपोर्ट म्हणजे तयार झालेली पानं, ती कुठल्याही साध्या वेब सर्व्हरवर ठेवता येतात. रिपोर्टपोर्टल मात्र सतत चालणारी यंत्रणा आहे. ती कुणीतरी सांभाळावी लागते, तिचं बॅकअप घ्यावं लागतं, तिची डिस्क भरते. अनेक टीम, अनेक फ्रेमवर्क, रोज काही हजार निकाल अशी परिस्थिती असेल तर हा खटाटोप फळतो.

जोडणी होते कशी

पायटेस्ट टेस्ट चालवताना ठरलेल्या टप्प्यांवर थांबून प्लगइनांना हाक मारतं: सत्र सुरू झालं, टेस्ट गोळा झाल्या, ही टेस्ट सुरू झाली, ही संपली. या हाकांना ओ देणारा छोटा मध्यस्थ म्हणजे ‘एजंट’. पायटेस्टसाठी त्याचं पॅकेज पायटेस्ट-रिपोर्टपोर्टल या नावानं मिळतं. टेस्टएनजीत हेच काम लिसनर करतो, रोबोट फ्रेमवर्कमध्येही लिसनरच. एजंट प्रत्येक घटना एचटीटीपीवरून सर्व्हरला कळवतो. आधी ‘लाँच’ उघडतो, म्हणजे एका रनची वही. तिच्या आत स्वीट, स्वीटच्या आत टेस्ट, टेस्टच्या आत पायऱ्या आणि लॉग असं झाड उभं राहतं. शेवटी लाँच बंद होतो. लॉग एकेक करून न पाठवता गठ्ठ्यानं पाठवले जातात, आणि मूळ सेटिंगमध्ये एका गठ्ठ्यात वीस लॉग असतात.

हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यातच आहे. लाँच उघडलाच नाही तर काहीच दिसणार नाही. उघडला पण बंद झाला नाही तर तो पडद्यावर ‘चालू आहे’ म्हणून लटकत राहील. जेनकिन्सवर कुणी रन मधेच मारून टाकला की नेमकं हेच होतं. एजंटला लाँच मिटायची संधीच मिळत नाही, आणि ठरलेला निष्क्रियतेचा काळ उलटल्यावर सर्व्हर स्वतःच त्यावर ‘इंटरप्टेड’ असा शिक्का मारतो. हा काळ प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये बदलता येतो. आपला सर्वांत लांब रन किती वेळ चालतो ते पाहून तो ठरवावा.

सर्व्हर उभा करणं त्या मानानं सोपं. डॉकर कंपोझची तयार फाइल मिळते. तिच्यात प्रवेशद्वारावर ट्रेफिक, मग वेबचा दर्शनी भाग, एपीआय, लॉगिन सांभाळणारी सेवा, विश्लेषण करणारी सेवा, आणि या सगळ्यांखाली पोस्टग्रेस डेटाबेस, रॅबिटएमक्यू व ओपनसर्च असा बराच मोठा कुटुंबकबिला एका आज्ञेनं उठतो. पत्ता मूळ सेटिंगनुसार 8080 या पोर्टवर. लिनक्सवर ओपनसर्च सुरू होताच कोसळत असेल तर आधी कर्नलचं ‘व्हीएम मॅक्स मॅप काउंट’ तपासावं. ते किमान 2,62,144 असावं लागतं, आणि बऱ्याच मशीनवर ते मुळात कमी असतं. पहिल्याच दिवशी प्रशासकाचा पासवर्ड बदलावा. रिपोर्टपोर्टलच्या आधीच्या आवृत्त्यांचे ठरलेले पासवर्ड सार्वजनिक दस्तऐवजात छापलेले आहेत, आणि कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून तेच पासवर्ड वर्षानुवर्षं चालू ठेवलेले सर्व्हर सर्रास सापडतात.

आता पायटेस्टकडे. एजंट पिपनं बसवायचा आणि प्रोजेक्टच्या मुळाशी असलेल्या पायटेस्ट डॉट आयएनआय फाइलमध्ये चार गोष्टी सांगायच्या: सर्व्हरचा पत्ता, प्रोजेक्टचं नाव, लाँचचं नाव आणि एपीआय की. या चारही सेटिंगची नावं ‘आरपी’ या उपसर्गानं सुरू होतात आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोअर असतो. जावाच्या बाजूला हीच माहिती रिपोर्टपोर्टल डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये, टेस्टच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये जाते आणि अंडरस्कोअरच्या जागी टिंब येतं. एपीआय की आपल्या प्रोफाइल पानावर तयार करता येते. नव्या आवृत्त्यांत ती एकदाच दाखवली जाते, म्हणून तेव्हाच जागच्या जागी सुरक्षित ठेवावी.

एवढं करून पायटेस्ट चालवलं की पुष्कळांचा पहिला अनुभव एकच असतो: सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि सर्व्हरवर शुकशुकाट. कारण साधं आहे. फाइलमध्ये सेटिंग लिहिल्यानं एजंट जागा होत नाही. पायटेस्टच्या आज्ञेत दोन डॅश देऊन ‘रिपोर्टपोर्टल’ हा पर्याय लिहावा लागतो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे आणि चांगलीही आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर एकच टेस्ट पंधरा वेळा चालवून पाहणाऱ्याचे अर्धवट निकाल टीमच्या डॅशबोर्डवर जाऊ नयेत, एवढाच तिचा हेतू. म्हणून हा पर्याय फाइलमध्ये कायमचा न घालता फक्त सीआयच्या आज्ञेत लिहावा.

जिथे गाडी अडते

‘लोकलहोस्ट’ ही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. लॅपटॉपवर सर्व्हर आणि टेस्ट दोन्ही एकाच मशीनवर असतात, म्हणून पत्त्यात लोकलहोस्ट चालून जातं. तीच फाइल सीआयवर गेली आणि टेस्ट कंटेनरमध्ये चालू लागल्या, की लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तिथे 8080 वर कुणीच ऐकत नसतं. पत्ता नेहमी असा द्यावा जो टेस्ट चालवणाऱ्या मशीनवरून उघडतो. ब्राउझरमध्ये उघडला म्हणजे झालं, असं नाही, कारण ब्राउझर वेगळ्या मशीनवर असतो. खात्री करायची तर त्याच कंटेनरमध्ये शिरून कर्लनं पत्ता ठोठावून पाहावा. शिवाय पत्ता मुळापर्यंतच द्यावा. ब्राउझरच्या पट्टीतून नक्कल करताना त्यामागे ‘यूआय’ आणि प्रोजेक्टचं नाव चिकटून येतं. ते तसंच राहिलं तर एजंट चुकीच्या दारावर जातो.

कंपनीनं स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र सर्व्हरवर असेल तर पायथन जोडणी नाकारतं. यावर ‘एसएसएल तपासणी बंद करा’ हे उत्तर लोक एकमेकांना देत असतात. ते चालतं खरं, पण त्यामुळे एपीआय की कुणाच्या हाती जाते आहे हे तपासणंच बंद होतं. त्याऐवजी तपासणीच्या त्याच सेटिंगमध्ये कंपनीच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग देता येतो. काम पाच मिनिटांचंच आहे.

जुने मार्गदर्शक लेख वाचून जोडणी करणाऱ्यांना एक सेटिंग हमखास चकवतं. पूर्वी एपीआय की ज्या नावानं लिहायची त्या नावात ‘यूयूआयडी’ होतं. आता ‘एपीआय की’ असंच म्हणतात. जुनं नाव आणि नवा एजंट असं मिश्रण झालं तर गोंधळ होतो, म्हणून एजंटची आवृत्ती पाहून तिच्यासोबतची माहितीच वाचावी.

आणि घड्याळं. टेस्ट दोन-तीन मशीनवर वाटलेल्या असतील आणि त्यांतल्या एकाचं घड्याळ काही सेकंद मागे असेल, तर त्या मशीनवरची टेस्ट तिच्या लाँचच्याही आधी सुरू झाली असं दिसतं. रिपोर्टपोर्टल अशी नोंद नाकारतं. मुलाची सुरुवात पालकाच्या सुरुवातीआधी होऊ शकत नाही, असा त्याचा नियम आहे. बाहेरून दिसतं ते एवढंच की काही टेस्ट अधूनमधून रिपोर्टमधून गायब होतात. कोडमध्ये याचं कारण शोधत बसणाऱ्यानं आधी सगळ्या मशीनवर एनटीपी चालू आहे का ते पाहावं. टाइमझोनचा मात्र इथे संबंध नसतो. एजंट क्षण पाठवतो आणि भारतीय वेळेचे साडेपाच तास ब्राउझर दाखवताना मिळवतो.

चावी कुठे ठेवायची

एपीआय की पायटेस्ट डॉट आयएनआयमध्ये लिहून ती फाइल गिटमध्ये टाकणं ही सवय आधी मोडावी. की सीआयच्या गुप्त खणात ठेवावी आणि रनच्या वेळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून एजंटला द्यावी, पायटेस्टच्या एजंटला ते समजतं. ही की एखाद्या माणसाच्या खात्याची नसावी. सीआयसाठी वेगळा वापरकर्ता काढावा, नाहीतर कंपनी सोडून जाणाऱ्याचं खातं बंद झालं की त्याच रात्री सगळे रिपोर्ट बंद पडतात आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे तिजोरी, असं समजण्यातही अर्थ नाही. कोडकव्ह या सेवेचं 2021 मधलं प्रकरण निकाल पाठवणाऱ्या प्रत्येक साधनाच्या संदर्भात आठवावं. टेस्टांनी किती कोड तपासला याचा हिशेब सर्व्हरवर चढवणारी एक बॅश स्क्रिप्ट कोडकव्ह पुरवत असे. 31 जानेवारी 2021 पासून हल्लेखोरांनी त्या स्क्रिप्टमध्ये फेरफार केला, आणि ती जिथे जिथे चालली तिथल्या सीआयमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर जाऊ लागले. एका ग्राहकानं डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टचा हॅश आणि जाहीर केलेला हॅश जुळवून पाहिला, तो जुळला नाही, तेव्हा एप्रिलमध्ये हे उघडकीला आलं. हॅशिकॉर्पसारख्या कंपनीला आपल्या सॉफ्टवेअरवर सही करायची किल्ली बदलावी लागली. निकाल पाठवणारा एजंट हासुद्धा आपल्या सीआयच्या आत चालणारा दुसऱ्याचा कोड आहे. त्याची आवृत्ती बांधून ठेवावी, प्रत्येक रनला ‘जे नवं असेल ते’ उतरवू नये, आणि टेस्ट चालवणाऱ्या पायरीला उत्पादन सर्व्हरच्या चाव्या देऊच नयेत.

नाव आणि ओळख

इथपर्यंतचं काम एका दुपारचं आहे. सर्व्हर उपयोगी ठरणार की नुसताच भरत जाणार, हे ठरतं ते नावांवर, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण घाई करतात.

लाँचच्या नावात बिल्ड क्रमांक, तारीख, ब्रँच घालायचा मोह आवरावा. रिपोर्टपोर्टल एकाच नावाच्या लाँचना स्वतःहून क्रमांक देतं आणि त्या क्रमानं कल दाखवतं: गेल्या तीस रनमध्ये किती पास, किती फेल. प्रत्येक रनचं नाव वेगळं असेल तर त्याच्या लेखी ते तीस वेगळे प्रकल्प, प्रत्येकाचा क्रमांक एक. ‘पेमेंट रिग्रेशन’ असं एकच नाव कायम ठेवावं आणि बिल्ड, ब्रँच, ब्राउझर, वातावरण ही माहिती ॲट्रिब्यूटमध्ये द्यावी. ॲट्रिब्यूट म्हणजे चिठ्ठी: डावीकडे नाव, मधे कोलन, उजवीकडे मूल्य. त्यावरून गाळणी लावता येते आणि डॅशबोर्ड बांधता येतो. कोणती ॲट्रिब्यूट असावीत आणि त्यांचं स्पेलिंग काय, हे सगळ्या टीमनी एकत्र बसून लिहून ठेवावं. एकीकडे ‘क्यूए’, दुसरीकडे ‘क्यूए 1’ आणि तिसरीकडे ‘टेस्ट एन्व्ह’ असं झालं की गाळणी निरुपयोगी.

टेस्टच्या ओळखीचंही तसंच. टेस्ट कोडमध्ये कुठे आहे आणि तिला कोणते पॅरामीटर दिले, यांवरून रिपोर्टपोर्टल तिचा इतिहास जोडतं. आता पॅरामीटरमध्ये चालू वेळ किंवा कुठलातरी यादृच्छिक मोबाइल नंबर असेल तर? प्रत्येक रनमध्ये ती नवी टेस्ट ठरते, आणि इतिहासाच्या पानावर एकच चौकोन दिसतो. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी इतिहास तुटतो. ज्या टेस्ट महत्त्वाच्या आणि दीर्घकाळ राहणार, त्यांना हातानं टेस्ट केस आयडी द्यावा. एजंटमध्ये त्यासाठी खूण आहे. सगळ्यांना देत बसायची गरज नाही.

एक बारीक सेटिंग: वगळलेल्या टेस्ट, म्हणजे स्किप केलेल्या, मूळ सेटिंगमध्ये ‘तपास बाकी’ या ढिगात जाऊन पडतात. मुद्दाम वगळलेल्या दोनशे टेस्ट रोज तपासाच्या यादीत दिसू लागल्या की आठवड्याभरात ती यादीच कुणी उघडत नाही. हे बंद करण्याची सोय एजंटच्या सेटिंगमध्ये आहे. बहुतेकांनी ती पहिल्याच दिवशी वापरावी.

लॉग, आणि निदान

रिपोर्टपोर्टलची जी गोष्ट ऐकून व्यवस्थापक मंडळी खूश होतात ती म्हणजे आपोआप होणारं विश्लेषण. फेल झालेल्या टेस्टचे लॉग पूर्वीच्या फेल टेस्टांच्या लॉगशी ताडून पाहिले जातात आणि साम्य पुरेसं असेल तर जुनाच निष्कर्ष नव्या टेस्टला लावला जातो. निष्कर्ष म्हणजे वर्गवारी: प्रॉडक्ट बग, ऑटोमेशन बग, सिस्टिम इश्यू, किंवा दोष नाही. यांपैकी काहीच ठरलं नसेल तर ‘टू इन्व्हेस्टिगेट’.

यात दोन अटी दडलेल्या आहेत. पहिली, ताडायला एरर पातळीचे लॉग हवेत, खालच्या पातळीचे विचारात घेतले जात नाहीत. टेस्ट फेल झाली की तिचा ट्रेसबॅक एजंट एरर म्हणून पाठवतो, पण त्यात काय आहे हे टेस्ट लिहिणाऱ्याच्या हाती असतं. नुसतं ‘उत्तर बरोबर आहे का’ असं एका बूलियनवर तपासलं तर लॉगमध्ये ‘फॉल्स’ एवढंच उरतं, आणि पन्नास वेगवेगळ्या कारणांनी पडलेल्या टेस्ट सारख्याच दिसू लागतात. अपेक्षित काय होतं, मिळालं काय, कुठल्या विनंतीवर मिळालं, हे ॲसर्टच्या संदेशात यायला हवं. समजा बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवण्याची टेस्ट आहे. ‘स्टेटस 200 अपेक्षित, 503 मिळालं, सेवा लेजर’ असा संदेश आला तर माणूसही दहा सेकंदांत निष्कर्ष काढतो. स्क्रीनशॉटही लॉगसोबतच जोडता येतो. मात्र प्रत्येक पायरीला स्क्रीनशॉट जोडणाऱ्या टीमनी आपली डिस्क किती दिवसांत भरेल याचा हिशेब आधीच मांडावा. फेल झाल्यावरचा एक पुरतो.

दुसरी अट अशी की निष्कर्ष आधी माणसांनी लावलेले असावे लागतात. पहिले काही आठवडे यंत्रणेकडे ताडायला काहीच नसतं. तेव्हा रोज सकाळी कुणीतरी बसून, लॉग वाचून, वर्गवारी करायची असते. हे काम कंटाळवाणं आहे. कंटाळ्याच्या भरात सगळं निवडून ‘ऑटोमेशन बग’ असा शिक्का मारून टाकला, तर यंत्र तेच शिकतं आणि पुढे खरे बगही तत्परतेनं त्याच खणात टाकू लागतं. म्हणून वर्गवारीचं काम आठवड्यागणिक एकेकाकडे फिरतं ठेवावं, आणि प्रॉडक्ट बग म्हटलं की सोबत जिराचा दुवा जोडल्याशिवाय ती नोंद पूर्ण मानू नये.

कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्टांपुढे ही शिस्त अधिकच कामाला येते. गूगलनं 2016 मध्ये आपली आकडेवारी जाहीर केली होती. एकूण टेस्ट-रनपैकी सुमारे दीड टक्का निकाल असे लहरी, आणि जवळपास 16 टक्के टेस्टांमध्ये थोडाफार लहरीपणा. त्याहून बोलका आकडा असा की पासवरून फेलवर गेलेल्या टेस्टांपैकी सुमारे 84 टक्के प्रसंगांत लहरी टेस्टचा हात होता. एवढी साधनसंपत्ती असलेल्या कंपनीची ही गत, तर इतरांनी लाजायचं कारण नाही. इतिहासाच्या पानावर हिरवा-लाल-हिरवा-लाल असा पट्टा दिसला की ती टेस्ट बाजूला काढावी, तिच्यावर कुणाचं तरी नाव लिहावं, आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्या निकालावर रिलीज अडवू नये.

सर्व्हर पडला तर

रिपोर्ट जाणं आणि टेस्ट पास होणं या दोन गोष्टी एकमेकींत गुंतू देऊ नयेत. बिल्ड पुढे जायचा की नाही हे पायटेस्टच्या एक्झिट कोडवर ठरावं: 0 म्हणजे सगळं पास, 1 म्हणजे काही फेल, 2 ते 4 म्हणजे रनच बिघडला, आणि 5 म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. शेवटचा आकडा विशेष लक्षात ठेवावा. फोल्डरचं नाव चुकलं की 5 येतो, आणि शेल स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड गिळून टाकला असेल तर शून्य टेस्टांचा रन यशस्वी म्हणून खपून जातो.

रिपोर्टपोर्टल बंद असेल तर पायटेस्टचा एजंट सुरुवातीलाच जोडणी तपासतो, इशारा छापतो आणि रिपोर्टिंग बंद करून टेस्ट तशाच चालू देतो. हे योग्यच, पण तो इशारा हजारो ओळींच्या कन्सोलमध्ये कोण वाचणार? त्यामुळे जेयूनिट एक्सएमएल फाइल सोबतीला नेहमी तयार करावी आणि बिल्डमध्ये जपून ठेवावी. सर्व्हर रात्रभर पडलेला असला तरी निकाल हातात राहतो. सर्व्हर बंद नसून नुसता रेंगाळत असेल तर प्रकरण जास्त त्रासाचं. अशा वेळी रनच्या शेवटी एजंट उरलेले लॉग पोचवण्याची वाट पाहत बसतो. यासाठी टाइमआउटची सेटिंग आहेत, ती रिकामी सोडू नयेत.

टेस्ट समांतर चालवायच्या तर एका मशीनवर फारसं काही करावं लागत नाही. एक्सडिस्टसोबत मुख्य प्रक्रिया लाँच उघडते आणि बाकीच्या कामकरी प्रक्रिया त्यातच लिहितात. पाच मशीनवर वाटल्या असतील तर मात्र पाच वेगळे लाँच दिसतात. ते टाळायला पाइपलाइनच्या पहिल्या पायरीत एपीआयला सांगून लाँच उघडावा, त्याचा यूयूआयडी पाचही मशीनना द्यावा आणि शेवटच्या पायरीत तो बंद करावा. यूयूआयडी बाहेरून मिळाला की एजंट लाँच उघडायच्या किंवा बंद करायच्या भानगडीत पडत नाही. बंद करणारी पायरी मात्र आधीच्या पायऱ्या फेल झाल्या तरी चालेल अशी लिहावी.

जुने लाँच, लॉग आणि जोडलेल्या फाइली किती दिवस ठेवायच्या हे प्रोजेक्टगणिक ठरवता येतं. स्क्रीनशॉट थोडे दिवस, लॉग जास्त, लाँच त्याहून जास्त, अशी उतरंड बहुतेकांना पुरते. हे ठरवताना डिस्कइतकाच विचार माहितीचाही करावा. टेस्टच्या डेटाबेसमध्ये ग्राहकांची खरी माहिती उतरवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. तिथून लॉग आणि स्क्रीनशॉटमार्फत ग्राहकाचं नाव, मोबाइल, पॅन क्रमांक रिपोर्टपोर्टलवर जातो, आणि तो पाहायला अख्ख्या टीमला परवानगी असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाल्यानंतर तरी याकडे काणाडोळा करणं कंपन्यांना परवडणारं नाही. टेस्टसाठी बनावट माहितीच वापरावी.

देवनागरीचा पेच

मराठी किंवा हिंदी पडदे असलेली ॲप तपासणाऱ्यांना आणखी दोन अडथळे लागतात. ‘पुणे’, ‘सातारा’, ‘पणजी’ असे पॅरामीटर देऊन टेस्ट चालवली की रिपोर्टमध्ये गावांच्या जागी तिरक्या रेघा, यू अक्षर आणि आकड्यांची माळ दिसते. हा दोष रिपोर्टपोर्टलचा नाही. पायटेस्ट स्वतःच टेस्टच्या ओळखीतली आस्कीबाहेरची अक्षरं सांकेतिक रूपात बदलतं. हे थांबवणारी एक सेटिंग पायटेस्टमध्ये आहे, पण तिच्या लांबलचक नावातच लिहिलेलं आहे की ही वापरलीत तर समुदायाकडून मदत मिळण्याचे सगळे हक्क तुम्ही सोडले! विनोद असला तरी इशारा खरा आहे. काही प्लगइन अशा नावांवर अडखळतात. सरळ मार्ग असा की पॅरामीटरला रोमन अक्षरांतली छोटी ओळख वेगळी द्यावी आणि देवनागरी मूल्य लॉगमध्ये लिहावं. तिथे ते जसंच्या तसं दिसतं.

दुसरा अडथळा स्क्रीनशॉटचा. लॅपटॉपवर नीट दिसणारं मराठी पान सीआयच्या स्क्रीनशॉटमध्ये रिकाम्या चौकोनांनी भरून येतं. कारण कंटेनरच्या हलक्या प्रतिमेत देवनागरी फाँटच नसतो. डेबियनवर आधारलेली प्रतिमा असेल तर लोहित किंवा नोटो फाँटचं पॅकेज डॉकरफाइलमध्ये एका ओळीत बसवता येतं. दोन चित्रं पिक्सेलनं ताडणाऱ्या टेस्ट असतील तर ही ओळ घातल्यावर आधीची सगळी आधारचित्रं नव्यानं काढावी लागतात, कारण जुनी चित्रं त्या चौकोनांनाच बरोबर मानून पास होत आलेली असतात.